'गोलपिठा' वाचून झाल्यावर माणसाने काय करावे?

काठावरचा

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. प्रश्न थोडे लांबण लावून विचारतो आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह मी महाविद्यालयात असताना पहिल्यांदा हातात घेतला आणि दहाव्या पानाच्या आत मिटून ठेवला. निम्मे शब्द कळत नव्हते, आणि जे कळत होते ते आमच्या घरात मोठ्याने वाचण्यासारखे नव्हते. दुसऱ्यांदा वाचला तो परीक्षेपुरता. गेल्या पावसाळ्यात तिसऱ्यांदा वाचला आणि या वेळी मात्र त्याने मला स्वस्थ बसू दिले नाही. त्या झपाट्यात मी दोन महिन्यांत चाळीसेक कविता लिहिल्या. सगळ्या गटाराच्या, घाणीच्या, शिव्यांच्या. वही भरली तेव्हा मला वाटले, आपल्याला आपला आवाज सापडला.

ती वही मी एका मित्राला दिली. तो आमच्याच गावातल्या सफाई कामगारांच्या वस्तीत वाढला आणि आता जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करतो. त्याने आठ दिवसांनी वही परत केली आणि म्हणाला, "कविता जोरात आहेत, पण सर, यातला राग उसना आणलाय. व्याज कोण भरणार?" मी निरुत्तर झालो, कारण ज्या घरात मी वाढलो तिथे मोरी घासायलाही बाई येत असे.

हे सगळे सुरू कुठून झाले तेही सांगतो. जुलैमध्ये शाळेसमोरचे चेंबर तुंबले होते. एक कामगार छातीपर्यंत त्यात उतरला होता. पायात गमबूट नव्हते, हातात मोजे नव्हते, आणि काठावर उभा असलेला मुकादम त्याला मोबाइलच्या उजेडात दिशा दाखवत होता. त्या माणसाचा मुलगा माझ्या नववीच्या वर्गात आहे. मधली सुट्टी होती, सगळी मुले फाटकाशी गर्दी करून बघत होती, आणि हा एकटा पाठ फिरवून नळाखाली हात धूत होता. बराच वेळ धूत होता. त्या रात्री मी 'गोलपिठा' पुन्हा काढला.

तर प्रश्न असे की, एखादी अस्वस्थ करणारी, वादग्रस्त ठरलेली कलाकृती आपल्याला स्वतःचे काही निर्माण करायला बळ देते, की आपल्याला फक्त तिची नक्कल बनवते? आणि अशा वाचनातून प्रत्यक्ष काही कृती घडते का, की वाचता-वाचताच आपला राग खर्ची पडून आपण शांत झोपतो? माझ्या मनात नगरपालिकेच्या पायऱ्यांवर या कवितांचे जाहीर वाचन करावे असे होते. मित्र त्यावर नुसता हसला. त्याचे हसणे अजून डोक्यातून जात नाही.

तिसरी घंटा

सर, मी गेली पंचवीस वर्षे हौशी रंगभूमीवर प्रकाशयोजना आणि पडतील ती सगळी कामे करतो. कवितेतले मला फारसे कळत नाही, म्हणून नाटकाच्या बाजूने बोलतो. काळ मात्र तोच आहे, कारण 'गोलपिठा' आले त्या 1972 सालीच 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' ही दोन्ही नाटके रंगमंचावर आली आणि दोन्हींनी मराठी मध्यमवर्गाची झोप उडवली. या तिन्ही ठिकाणी विजय तेंडुलकर आहेत, हेही लक्षात घ्या: दोन नाटकांचे लेखक म्हणून आणि ढसाळांच्या संग्रहाचे प्रस्तावनाकार म्हणून.

पण मला सांगायचे आहे ते तेंडुलकरांच्याच, त्याच्या दोन वर्षे आधीच्या 'गिधाडे' या नाटकाबद्दल. डॉ. श्रीराम लागूंनी ते 1970 मध्ये बसवले. त्यात एका स्त्रीच्या साडीवर रक्ताचा लाल डाग दिसतो, त्याला परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरने, हरकत घेतली. मंडळाशी भांडत बसले असते तर प्रयोग अडला असता, आणि डाग काढला असता तर नाटकाचा कणाच गेला असता. त्यांनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितले की हा निळा डाग लाल समजावा. जरा डोळ्यांपुढे आणा: सूचना ऐकून बसलेला प्रत्येक माणूस त्या क्षणाची वाट पाहत असणार, आणि डाग दिसला की तो स्वतःच्या मनाने लाल करत असणार. मंडळाने एक रंग पुसला आणि तो सबंध सभागृहाच्या डोक्यात पसरला. मी प्रकाशयोजना करतो म्हणून असेल, पण मराठी रंगभूमीवरची इतकी अचूक रंगयोजना मला दुसरी सुचत नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे की, त्या निळ्या डागाने मला शिव्या द्यायला शिकवले नाही, अडचणीचा वापर करायला शिकवले. एका वर्षी राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही वसतिगृहातल्या मुलींवर नाटक बसवले होते. संहिता परत आली तेव्हा तिच्यातली एक ओळ तांबड्या शाईने खोडलेली होती. आमच्यातले दोघे म्हणाले, ओळ म्हणूनच टाकू, बघू काय करतात ते. दिग्दर्शक बाईंनी वेगळाच मार्ग काढला. ती ओळ जिथे होती तिथे नटीने तोंड उघडायचे, शब्द उच्चारायचा नाही, आणि मी दिवा तिच्या गळ्यावर तोलून धरायचा. मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे आणि पुढच्या वाक्यावर जायचे. बक्षीस मिळाले नाही. पण प्रयोगानंतर प्रेक्षकांतल्या एक बाई आत आल्या आणि नटीला म्हणाल्या, "तू काय म्हणणार होतीस ते मला माहीत आहे."

दुसरा प्रश्न कृतीचा. 'सखाराम'च्या वेळी त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग मंडळाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्या दिवसांची हकिगत त्यांनी 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात लिहिली आहे, ती जरूर वाचा; एका नाटकासाठी माणूस किती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो ते कळेल. 'घाशीराम'चे तर असे झाले की, एकोणीस प्रयोगांनंतर पुण्याच्या ज्या संस्थेने ते केले होते तिनेच ते थांबवले, तेव्हा कलावंत मंडळी बाहेर पडली आणि 1973 मध्ये त्यांनी थिएटर ॲकॅडमी काढली. पुढच्याच वर्षी त्या संस्थेने सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' केले. म्हणजे एका नाटकावरच्या वादातून एक संस्था निघाली आणि त्या संस्थेतून अगदी वेगळ्या जातीचे दुसरे नाटक निघाले. 'महानिर्वाण'मध्ये 'घाशीराम'ची नक्कल औषधालाही सापडणार नाही.

पायऱ्यांवरच्या वाचनाबद्दल तुमच्या मित्राच्या बाजूने मत देतो. पायऱ्या चांगल्या आहेत, संहिता अजून झालेली नाही.

सायक्लोस्टाइल

मी 1972 साली मुंबईत महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होतो, त्यामुळे त्या दिवसांबद्दल चार शब्द लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे आहे असे समजतो. आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तरुण मंडळी हल्ली सर्रास म्हणतात की 'गोलपिठा'मुळे दलित पँथर ही तरुणांची लढाऊ संघटना उभी राहिली. तसे नाही. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, दोन्हींत ढसाळ, पण एकीने दुसरीला जन्म दिला असे म्हणणे म्हणजे पाऊस छत्रीमुळे पडतो म्हणण्यासारखे आहे. इळया पेरुमल समितीचा देशभरातल्या अस्पृश्यांवरील अत्याचारांचा अहवाल संसदेपुढे आलेला होता. पुणे जिल्ह्यातल्या बावडा गावी दलितांवर बहिष्कार टाकलेला होता. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झालेली होती. ज. वि. पवार, ढसाळ, राजा ढाले, अर्जुन डांगळे ही मंडळी या बातम्यांनी पेटलेली होती. नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले, पण मजकूर बावड्याचा आणि ब्राह्मणगावचा होता.

कवितेने काय केले ते मी माझ्यापुरते सांगू शकतो. त्याआधीही लिहिणारे होते. बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963 मध्ये आले होते आणि आम्ही ते हातोहात फिरवून वाचले होते. अनियतकालिकांची धामधूमही त्याआधीपासून होती. राजा ढाल्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथा' या प्रस्थापित वाङ्मयीन मासिकाच्या अंकाची होळी केली होती. पण 'गोलपिठा'ने एक वेगळी गोष्ट केली: कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीशेजारचा, ट्रामच्या आणि बसच्या खिडकीतून आम्ही ज्याच्याकडे नजर चुकवून पाहत असू तो मुलूख, त्याच्याच शब्दांत, तळटिपा न देता, आमच्यापुढे ठेवला. ढसाळांचे बालपण तिथल्या ढोर चाळीत गेले होते, त्यांनी टॅक्सी चालवली होती. त्यांना त्या शब्दांचा अर्थ सांगण्याची गरज वाटली नाही. अर्थ विचारण्याची पाळी पहिल्यांदाच आमच्यावर आली.

तेंडुलकरांनीही तो विचारला. प्रस्तावना लिहिण्याआधी ते ढसाळांबरोबर त्या वस्तीत फिरले, शब्दांचे अर्थ त्यांनी विचारून घेतले, आणि हे सगळे त्यांनी प्रस्तावनेत लपवले नाही. मराठीतला एवढा मोठा नाटककार एका पंचविशीही न गाठलेल्या कवीला विचारतो की बाबा रे, याचा अर्थ काय. काठावरचा सर, तुम्ही ढसाळांच्या कवितेकडून शिव्या उचलल्यात. तेंडुलकरांच्या प्रस्तावनेकडून प्रश्न विचारायला शिका, असे मला सुचवावेसे वाटते. तुमची जागा कवीची नसून प्रस्तावनाकाराची आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आम्ही पोरांनी काय केले? आम्हीही नक्कलच केली. चौघांनी मिळून एक अनियतकालिक काढले. स्टेन्सिलचा मेणकागद टाइपरायटरवर चढवायचा, फीत बाजूला करून अक्षरे ठोकायची म्हणजे मेण कापले जाते, चूक झाली की लाल रोगणाचा थेंब लावून तो वाळेपर्यंत फुंकर मारायची. मग एका मित्राच्या काकांच्या कचेरीतले यंत्र रविवारी वापरायचे. शंभर प्रती होईपर्यंत हाताचा पंजा काळा व्हायचा आणि शेवटच्या वीस प्रती वाचता येत नसत. त्या आम्ही नातेवाइकांना देत असू. पहिल्या अंकात सगळ्यांनी ढसाळांसारखे लिहिले होते. वाईट होते. दुसऱ्या अंकाच्या वेळी एकाने, त्याचे वडील गिरणीत बदली कामगार होते, आठवडाभराच्या हजेरीची हकिगत लिहिली: रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे आणि काम मिळाले तर आत, नाहीतर घरी. साधे गद्य, शिवी एकही नाही. तो अंक गिरणीच्या फाटकावर वाटला आणि लोकांनी मागून घेतला. तिसरा अंक निघाला नाही, कारण काकांची बदली झाली.

उलट टपाली

सायक्लोस्टाइल काका, आदर ठेवून विचारतो. ज्या कवीमुळे तुमची पिढी पेटली त्याच कवीने आणीबाणीत इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' लिहिली. पँथरमध्ये 1974 मध्ये फूट पडली आणि पुढे तर शिवसेनेच्या 'सामना'त त्यांचे सदर होते. मग या विद्रोही कलेतून नेमके काय निष्पन्न झाले? मला तर वाटते की कविता ही कविता असते आणि मोर्चा हा मोर्चा. दोन्हींची गल्लत करून आपण दोन्हींकडून नको तेवढी अपेक्षा करतो.

सायक्लोस्टाइल

उलट टपाली, तुमचे तपशील बरोबर आहेत आणि ते मला त्या वेळीही झोंबले होते. पण वहीत लिहिलेली गोष्ट कवीच्या मागोमाग पक्ष बदलत नाही. 'गोलपिठा'तली 'माणसाने' ही कविता मी आजही वाचतो, आणि ती वाचताना मला आणीबाणी आठवत नाही, ढोर चाळ आठवते. पँथरबद्दल म्हणाल तर 1974 च्या जानेवारीत वरळीत जी दंगल झाली आणि तिच्यानंतरच्या मोर्चात भागवत जाधव हा कार्यकर्ता मारला गेला, त्यानंतर 'निष्पन्न काय' हा प्रश्न मला इतक्या सहज विचारता येत नाही. तरी एक मान्य करतो. "कविता वाचली म्हणून मोर्चात गेलो" असे म्हणणारा माणूस मला आयुष्यात भेटलेला नाही. मोर्चात गेल्यावर खिशात कविता असलेली माणसे पुष्कळ भेटली.

सावली

इथवरची चर्चा वाचली आणि एक गोष्ट खटकली. निळ्या डागाशेजारच्या दिग्दर्शक बाई सोडल्या तर सगळी बंडखोरी पुरुषांची चालली आहे. मी सोलापुरात विडी कामगार बायकांच्या एका गटाबरोबर काही वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे वेगळे लिहिते.

सायक्लोस्टाइल यांनी ज्या कवितेचा उल्लेख केला, ती 'माणसाने', तिच्या सुरुवातीलाच 'उद्ध्वस्त' हा शब्द येतो: माणसाने आधी स्वतःला पूर्ण उद्ध्वस्त करून घ्यावे, असे कवी सांगतो, सगळी मोडतोड करायला लावतो आणि शेवटी माणसाचे गाणे गायला लावतो. आता त्याच्याशेजारी दुसरे पुस्तक ठेवा. मल्लिका अमर शेख यांचे आत्मचरित्र 1984 मध्ये आले, 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'. त्या शाहीर अमर शेखांच्या कन्या, स्वतः कवयित्री, आणि ढसाळांच्या पत्नी. चळवळीतल्या, कवितेतल्या त्या मोठ्या माणसाबरोबरचा संसार आतून कसा होता, ते त्यांनी लिहिले. हे पुस्तकही वादग्रस्त ठरले, आणि या वेळी अस्वस्थ होण्याची पाळी मध्यमवर्गाबरोबर चळवळीवरही आली. तोच एक शब्द नवऱ्याच्या कवितेत आज्ञार्थी येतो आणि बायकोच्या शीर्षकात स्वतःच्या तोंडचा होऊन येतो. मला तो त्या कवितेला दिलेला जबाब वाटतो. मोडतोड करणाऱ्या कलेने दुसऱ्या कोणाला लिहिते केले म्हणतात ते कधी असेही असते: तिच्या बाजूने नव्हे, तिच्या समोर उभे राहून लिहिणे.

आमच्या गटात दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही थोडे वाचत असू. बायकांचे हात चालूच असत. मांडीवर सूप, त्यात कापलेली पाने आणि तंबाखू, आणि बोटे बघायचीही गरज नसल्यासारखी चालत असतात: पान, चिमूट, वळण, दोरा. मी या आत्मचरित्रातली काही पाने वाचून दाखवली. पहिल्या दिवशी दोघी उठून गेल्या. "घरातलं असं भायेर सांगत असत्यात व्हय?" असे एक मावशी म्हणाल्या आणि पुढच्या गुरुवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या.

तीन-चार आठवड्यांनी मी विचारले, तुमच्यापैकी कोणाला स्वतःचे काही लिहायचे आहे का. त्या मावशींना जेमतेम अक्षरओळख होती. त्या म्हणाल्या, "माझं पुस्तक लिवूनच ठिवलंय," आणि त्यांनी पिशवीतून लॉगबुक काढले. रोज किती विड्या वळून दिल्या आणि किती मजुरी झाली याची त्यात नोंद असते. त्यांनी ते आम्हाला वाचून दाखवले. तारीख, आकडा, तारीख, आकडा. मध्येच थांबून सांगायच्या: या दिवशी सुनेचे बाळंतपण होते म्हणून कमी. या दिवशी ताप. या दिवशी पुरे हजार नेले, पण दोनशे नापास म्हणून बाजूला काढले. त्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. हे शेवटचे वाक्य वहीत नव्हते, कारण नापास विड्यांचा रकाना त्या वहीत नव्हताच.

दुसऱ्या बाई म्हणाल्या, माझेही तसेच. तिसऱ्याही म्हणाल्या. मग त्यांनीच ठरवले की लॉगबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर स्वतः रकाना आखायचा आणि रोज किती विड्या बाजूला काढल्या ते लिहायचे. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या मुलींनी रेघा ओढल्या, पाच रेघा झाल्या की आडवी काट. तीन महिन्यांनी सतरा जणींचे हे कागद घेऊन त्या कामगार खात्याच्या कचेरीत गेल्या. मी मागे उभी होते, बोलल्या त्याच. निकाल असा की, नापास विड्या मोजून त्यांच्यासमोर बाजूला ठेवायला सुरुवात झाली. पैशांचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. यापुढे मी फुगवून सांगणार नाही.

उलट टपाली यांना एवढेच म्हणते की, कविता आणि मोर्चा वेगळे हे खरे, पण त्या बाईंनी लॉगबुक वाचले तेव्हा ते दोन्हींपैकी काय होते ते मला अजून ठरवता आलेले नाही. आणि काठावरचा सर, त्या मुलाने पाठ फिरवली होती ना? मग पायऱ्यांवर त्याच्या बापाचे गटार मोठ्याने वाचण्याआधी त्याला विचारा. सगळ्या गावाने जे बघू नये असे त्याला वाटले, तेच तुम्ही माइकवरून सांगणार होतात.

तिसरी घंटा

सावलीताई, रकाना नसणे हा तुमचा निळा डाग आहे. याहून जास्त काही लिहीत नाही.

काठावरचा

तीन आठवड्यांनी परत येतो आहे. सर्वांचे आभार, आणि सावलीताईंचे वाक्य वाचल्यावर दोन दिवस इथे फिरकलोच नाही हेही कबूल करतो.

मुलाला मी काही विचारले नाही. तो नववीतला मुलगा आहे, त्याच्यावर परवानगी देण्याचे ओझे टाकणे मला बरे वाटले नाही. मी त्याच्या वडिलांकडे गेलो, रविवारी सकाळी, मित्राला बरोबर घेऊन. चाळीस कवितांची वही घरी ठेवून एक कोरी वही घेतली. सायक्लोस्टाइल काकांनी सांगितल्याप्रमाणे फक्त विचारायचे असे ठरवले होते.

पहिल्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात आले की, माझ्या कवितांत 'गटार' हा शब्द तेवीस वेळा आहे (मी नंतर घरी येऊन मोजला) आणि गटार साफ करण्याच्या एकाही हत्याराचे नाव नाही. त्यांनी मला सगळे काढून दाखवले. घमेले, फावडे, खराटा. बांबूच्या चिरफाळलेल्या लांब पट्ट्या एकमेकींना तारेने बांधून तुंबा फोडण्यासाठी केलेली काठी. चेंबरचे झाकण उचलायचा लोखंडी आकडा, जो त्यांनी स्वतःच्या पैशाने लोहाराकडून करून घेतला आहे. झाकण उघडल्यावर लगेच उतरायचे नाही, शेजारची दोन झाकणेही उघडून ठेवायची आणि एक बिडी होईपर्यंत थांबायचे. पण ती बिडी लांब जाऊन ओढायची, कारण आतला वायू पेट घेऊ शकतो. हे त्यांना कोणी प्रशिक्षणात शिकवलेले नाही. त्यांच्या वडिलांनी शिकवले.

हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा कायदा 2013 चा आहे आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणाला गटारात उतरवणे हा त्याखाली गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगितले. गटारात मृत्यू झाल्यास तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले आहे, हेही सांगितले. ते म्हणाले, "मेल्यावरचं राहू द्या सर. गमबुटाचं काय ते बघा." मग त्यांच्या शेजारचे दोघे आले आणि तिघांनी मिळून मला अर्ज लिहायला सांगितले.

मी मराठीचा शिक्षक. अर्जलेखन दर वर्षी शिकवतो, पाच गुणांना असते. तो अर्ज मला तीनदा लिहावा लागला. पहिल्या मसुद्यात मी 'अमानुष' हा शब्द घातला होता. तो वाचून मुलाचे वडील म्हणाले, हा काढा, साहेब चिडेल आणि अर्ज बाजूला ठेवील. दुसऱ्या मसुद्यात मी सगळेच मवाळ केले, तेव्हा ते म्हणाले, आता हे आम्ही मेहेरबानी मागतोय असं वाटतंय. तिसऱ्यात आम्ही फक्त तारखा लिहिल्या: कोणत्या दिवशी, कोणत्या चेंबरमध्ये, कोण, किती खोल, पायात काय. चौदा तारखा निघाल्या, सगळ्या त्यांच्या आठवणीतून. त्याखाली तेरा सह्या आणि चार अंगठे आले. माझ्या मित्राने तो कागद वाचला आणि या वेळी हसला नाही. "याच्यात तुम्ही कुठं दिसत नाही," एवढेच म्हणाला.

मुंबईच्या सफाई कामगारांची सुधारक ओलवे यांनी काढलेली छायाचित्रे मी पूर्वी पाहिली होती. या आठवड्यात पुन्हा पाहिली. आधी मला त्यांत फक्त घाण दिसली होती. आता हातांत काय धरले आहे तिकडे लक्ष जाते.

पायऱ्यांवरचे वाचन रद्द केले आहे. अर्ज मात्र त्याच पायऱ्या चढून दिला, आवक क्रमांक मिळाला, आणि झेरॉक्सवर शिक्का मारून घेतला. त्या मुलाने तो झेरॉक्स सोमवारी शाळेत आणला होता. वर्गात कोणाला दाखवला नाही; मधल्या सुट्टीत माझ्याकडे येऊन 'चेंबर'मधला अनुस्वार माझ्याकडून एका जागी राहिला आहे, एवढे दाखवून गेला.